घसा बसतोय, पण दुखणं शेडमध्ये आहे

कणकवलीजवळच्या एका गावातून प्रश्न आला आहे. चार जणांचा मेटल बँड, आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये आठवड्यातून दोनदा सराव. गायकाचं म्हणणं असं की घरी मोबाईलवर ट्रॅक लावून तो पाच-सहा गाणी सहज ओढतो, पण बँडबरोबर दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यातच घसा बसतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आवाज घोगरा राहतो, ग्राउल, म्हणजे मेटलमधला खोल खरखरीत आवाज, करताना आत खरवडल्यासारखं होतं. मध, ज्येष्ठमध, सोलकढी सगळं करून झालं. दोन महिन्यांनी कोल्हापुरात तीस मिनिटांचा पहिला कार्यक्रम आहे. त्यात ड्रमरने डोक्यात घेतलंय की मराठीत मेटल बसतच नाही. तर ग्राउल शिकायचा कसा, घशाला काय घ्यायचं, आणि गाणी इंग्रजीत करावीत का?

प्रश्न तीन आहेत. मी त्यांच्या आधीचा एक विचारतो: सरावात तुम्हाला स्वतःचा आवाज ऐकू येतो का? घरी सहा गाणी आणि शेडमध्ये दोन, हे तुमचंच वाक्य पुन्हा वाचा. घसा तोच, गाणी तीच. बदलतो तो आजूबाजूचा आवाज. तंत्रात उणीव असेलही, तिच्याकडे येतोच, पण आधी शेड.

गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एतिएन लोम्बार या फ्रेंच घसातज्ज्ञांनी हे १९११ मध्ये मांडलं आणि आजही या गोष्टीला त्यांचंच नाव आहे. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. 'आज जोर लावायचा नाही' असं ठरवून ती थांबत नाही, जसं डोळ्यासमोर हात आल्यावर पापणी मिटायची थांबत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये जोरकस ड्रम वाजले की तुम्ही उभे असता तिथे १०० डेसिबलच्या वर आवाज सहज जातो. माणूस जीव खाऊन ओरडला तरी एक मीटरवर साधारण ९० भरतो. म्हणजे माईकमधून तुमचा आवाज परत तुमच्या कानावर आला नाही, तर ही लढाई घशाने जिंकताच येत नाही. मग मान ताठते, हनुवटी वर जाते, स्वरतंतू एकमेकांवर आपटत राहतात आणि सुजतात. त्या सुजेवर मध काय करणार?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. घोगरेपणा दुसऱ्या दिवशी दुपारी जात असेल तर खाली लिहिलंय ते करून बघायला हरकत नाही. तीन आठवडे सलग घोगरा असेल, तर सराव बंद आणि कान-नाक-घसा डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरयंत्राची तपासणी. नुसतं 'आ कर' म्हणून टॉर्चने बघून स्वरतंतू दिसत नाहीत, म्हणून दुर्बिणीचं नाव घेऊन विचारा. गाताना एकदम, कट झाल्यासारखा आवाज गेला तर आत रक्त उतरलेलं असू शकतं. त्या क्षणापासून बोलणंसुद्धा बंद आणि लगेच डॉक्टर. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून कार्यक्रम रेटू नका. दुखणं ही तुमच्याकडची एकमेव सूचना आहे, ती झाकली की इजा कळतच नाही. अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून कार्यक्रमाच्या आसपास ती मनाने घेऊ नका.

आता शेड. बहुतेक बँड आवाज लावतात तो उलट्या क्रमाने. आधी गिटार, मग बास, मग ड्रमर त्यांच्यावर चढतो आणि शेवटी गायकाला माईकचा व्हॉल्यूम वाढवायला सांगतात, तेव्हा स्पीकरमधून शिट्टी सुटते. तुम्ही सुरुवात माईकपासून करा. सगळे गप्प. माईक तोंडाशी धरून व्हॉल्यूम हळूहळू वाढवा, शिट्टी येऊ लागली की तिथून थोडा खाली घ्या. हे तुमच्या शेडचं छत समजा. आता ड्रमर एक साधा बीट वाजवेल आणि तुम्ही नेहमीच्या बोलण्यापेक्षा थोड्याच चढ्या आवाजात गाल. स्वतःचे शब्द स्पष्ट ऐकू येत नसतील तर ड्रम कमी व्हायला हवेत. त्यासाठी पातळ काठ्या, स्नेअरवर (ड्रमरच्या समोरचा तडतडणारा ड्रम) चिकटपट्टीने लावलेला कापडाचा तुकडा, किकमध्ये, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रममध्ये, उशी. ड्रमरला हे आवडणार नाही. पण बँडमध्ये घसा एकट्या गायकाचा नसतो, सगळ्यांच्या कार्यक्रमाचा असतो, हे त्याच्याशी एकदा शांतपणे बोलून घ्या. ड्रम ठरले की बास, आणि सर्वांत शेवटी गिटार, तुमचा आवाज झाकणार नाही इतकीच.

गिटारवाला म्हणेल की मला माझंच ऐकू येत नाही. त्याचा अँप जमिनीवर ठेवलेला असणार. गिटारच्या स्पीकरचा तीक्ष्ण आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, तो त्याच्या पोटऱ्यांना लागतो आणि समोर उभ्या असलेल्या तुमच्या कानात घुसतो. शेडमध्ये आंब्याचे प्लास्टिक क्रेट पडलेलेच असतात. दोन-तीन उलटे रचून त्यावर अँप ठेवा आणि मागे थोडा कलवा, म्हणजे स्पीकर त्याच्या कानाच्या रोखाने येईल. तो आपणहून व्हॉल्यूम कमी करतो. फुकटात होणारा इतका मोठा फरक दुसरा नाही.

पुढे टोन. एकट्याने वाजवताना भरदार वाटणारी गिटार बँडमध्ये चिखल करते. गेन, म्हणजे अँपवरचं आवाज फाडणारं बटण, सध्या आहे त्याच्या दोन-तृतीयांशावर आणा. मेटलची धार उजव्या हाताच्या तळव्याने तार दाबून मारलेल्या फटक्यातून येते. डिस्टॉर्शन जास्त झालं की तो फटकाच बुजतो. तुमचे शब्द कळतात ते मुख्यतः एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. गिटारमध्ये तिथे दोन-तीन डेसिबल कमी केले तर तुम्हाला जागा मिळते. तुमच्या माईकच्या चॅनलवर १०० ते १२० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. ग्राउल कितीही खर्जातला वाटला तरी त्या खाली तुमच्या कामाचं फारसं काही नसतं, बहुतेक किकची घुमघुम आणि माईक हाताळल्याचा आवाज असतो.

माईक साधा डायनॅमिक घ्या, एसएम५८ किंवा त्या जातीचा. कंडेन्सर आपल्याकडच्या दमट हवेत करकरतो आणि शेडमधलं सगळंच ओढून घेतो. कार्डिऑइड माईक नेमका मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर स्पीकर (ज्यातून तुमचा आवाज तुम्हालाच परत ऐकू येतो तो) माईकच्या शेपटीच्या रेषेत, तुमच्यासमोर जमिनीवर ठेवा. बाजूला ठेवलात तर शिट्टी लवकर येईल. आणि जाळी मुठीत धरू नका. व्हिडिओत मोठे गायक तसं धरतात हे खरं, पण जाळीच्या मागच्या फटी झाकल्या की माईक सगळीकडून ऐकू लागतो, मधला आवाज भोपळ्यासारखा फुगतो, शब्द जातात आणि शिट्टी आधी येते. दांडा धरा, ओठ जाळीला जवळजवळ टेकू द्या.

पत्रा आणि सिमेंटची जमीन आवाज परत फेकत राहतात. अंड्यांचे ट्रे लावू नका, त्यांनी खर्ज जात नाही आणि शेजाऱ्यांनाही फरक पडत नाही. जाड गोधड्या आणि जुन्या गाद्या भिंतीपासून चार बोटं सोडून टांगा, ड्रमच्या मागे आणि तुमच्या पाठीमागे. भाताचा पेंढा शेडमध्ये असतोच. तो घट्ट विणीच्या कापडी खोळीत भरला तर चांगला शोषक होतो, पण उघडा ठेवला तर त्याची धूळ थेट तुमच्या घशात जाते, आणि वीजबोर्डाजवळ तर तो आणूच नये. यातलं काहीही आवाज बाहेर जाण्यापासून रोखत नाही, फक्त आतला गोंधळ कमी करतं. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची. बंद जागेला रात्रीच्या मनाईतून सूट आहे, पण पत्र्याच्या शेडला 'बंद' म्हणणं धाडसाचं. संध्याकाळी साडेआठला थांबलात तर गावही तुमच्या बाजूने राहतं.

कानात इअरप्लग घाला, चौघांनीही. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. गायकाला आणखी एक फायदा आहे. कान बंद असले की स्वतःचा आवाज हाडांतून मोठा ऐकू येतो आणि तुम्ही आपोआप कमी जोर लावता. लोम्बारच्या प्रतिक्षिप्त क्रियेवर याहून स्वस्त उतारा नाही.

शेडचा विषय सोडण्याआधी एक गोष्ट, जी या सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे. माईकला ओठ लागल्यावर झिणझिण्या येतात का? पावसात, ओल्या जमिनीवर, गिटारचा अँप एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असेल आणि एकाची अर्थिंग तुटलेली असेल, तर गिटारच्या तारेला हात आणि माईकला ओठ लावणारा माणूस त्या दोघांमधली वायर होतो. अशाने माणसं गेलेली आहेत. सगळी यंत्रं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या, त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि घरघर जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन कधीही कापू नका. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक माईकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारेला लावा. आकडा शून्याच्या आसपास हवा. नसेल तर वायरमन येऊन बघेपर्यंत सराव नाही. कार्यक्रमाच्या ठिकाणी, विशेषतः मंडपात जनरेटरवर, हीच तपासणी पुन्हा करा आणि पायात रबरी तळाचे बूट ठेवा.

आता घसा. स्वरतंतूंच्या थोडं वर आणखी दोन घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. खोल ग्राउलमध्ये ती खरखर मुख्यतः या वरच्या घड्यांच्या थरथरण्यातून येते. वरच्या चिरक्या स्क्रीममध्ये खरे स्वरतंतूच सैल, करकरत्या अवस्थेत असतात, सकाळी उठल्यावर आळसात 'आऽऽ' म्हणताना जुन्या दारासारखी करकर निघते तशी. दोन्हींत एक गोष्ट समान आहे: आवाज प्रत्यक्षात वाटतो तितका मोठा नसतो. तो मोठा करण्याचं काम माईकचं. रेकॉर्डिंग ऐकून लोकांना वाटतं की गायक बेंबीच्या देठापासून ओरडतोय, आणि ते तसं ओरडायला जातात. खरवडल्यासारखं वाटतं ते यामुळेच.

शिकायचा क्रम असा. आधी पाच मिनिटं स्ट्रॉ. पाच-सहा मिलिमीटरची स्ट्रॉ पाण्याच्या ग्लासात दोन बोटं बुडवा आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढा, खालून वर, वरून खाली सरकत. आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी या स्ट्रॉच्या व्यायामावर बरंच काम केलं आहे. पुढून अडवलेल्या हवेमुळे स्वरतंतू कमी आपटत थरथरतात. मग आरशावर वाफ धरायला सोडतो तसा गरम, जड श्वास: 'हाऽऽ'. घसा आतून रुंद, जीभ खाली सैल. त्या श्वासालाच हळूहळू वजन द्या, जणू जड पोतं उचलताना निघालेला हुंकार. कुठेतरी खालची खरखर आपोआप लागते. लागली की तिथेच थांबा, जोर वाढवू नका. वीस सेकंद आवाज, चाळीस सेकंद गप्प. सुरुवातीचे दोन आठवडे दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं, बस. चिरक्या स्क्रीमसाठी ती सकाळची करकर घ्या, तोंड 'ए'च्या आकारात, आणि करकर तुटू न देता पोटातून हवा थोडी-थोडी वाढवा. हवा वाढवताना मानेच्या शिरा फुगल्या तर एक पायरी मागे.

चूक कशी ओळखायची? जळजळ, टोचणं, खोकल्याची ढास, यातलं काहीही झालं की त्या दिवशीचा सराव संपला. थकवा यावा तो बरगड्या आणि पोटात. आणि रोज सकाळी एक चाचणी करा: अगदी हलक्या, बारीक आवाजात वरच्या पट्टीत 'ऊ' म्हणा. काल जो सूर सहज लागत होता तिथे आज आधी नुसती हवा येऊन मग उशिरा आवाज फुटला, तर सूज आहे. जोरात गाऊन ही सूज कळत नाही, कारण जोर ती झाकतो. त्या दिवशी ग्राउल नको, फोनवर लांब गप्पाही नकोत. कुजबुजू नका, कुजबुजण्यानेही बऱ्याच जणांच्या स्वरयंत्रावर ताण येतो.

घशाला काय घ्यायचं, तर खाल्लेलं-प्यायलेलं काहीच स्वरतंतूंना लागत नाही. ते अन्ननलिकेत जातं, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात. थेट तिथे पोचणारी एकच गोष्ट, वाफ: साध्या पाण्याची, बाम न घालता, पाच-दहा मिनिटं. पाणी दिवसभर थोडं-थोडं प्या. स्टेजवर चढताना गटागटा प्यायलेल्या पाण्याला शरीरातून फिरून तिथवर यायला वेळ लागतो. सोलकढी जेवणात जरूर घ्या, पण गाण्याआधी नको. आमसुलाचा आंबटपणा, वर मिरची-लसूण, आणि रात्री उशिरा तिखट आमटी-भात खाऊन आडवं झाल्यावर आम्ल वर येतं, त्याने स्वरयंत्राची मागची बाजू लाल होते. सकाळी उठल्यावर घोगरा आणि दहा वाजता बरा, असा क्रम असेल तर आधी हेच तपासा. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. आपल्याकडची हवा दमट असल्याने घसा घरी सुकत नाही, पण कोल्हापूरला एसी गाडीतून गेलात तर सुकेल. खिडकीची गाडी बघा, नाहीतर तोंडावर रुमाल बांधून निघा.

आता मराठी. ड्रमरच्या म्हणण्यात तथ्य एवढंच आहे की इंग्रजी गाण्याच्या साच्यात मराठी शब्द कोंबले तर ते अडखळतात. रामष्टाइन हा बँड जर्मनमध्ये गातो, आपल्याकडचा ब्लडीवूड बँड हिंदी-पंजाबी घेऊन २०१९ मध्ये जर्मनीतल्या वाकन महोत्सवात वाजवून आला. तेव्हा भाषेचा प्रश्न मोडीत निघालेला आहे, राहतो तो बांधणीचा. आणि बांधणीसाठी आपल्याकडे तयार हत्यारं आहेत, ती वापरायला हवीत.

मेटलचा सर्वांत ओळखीचा रिफ (गिटारवर पुन्हा-पुन्हा येणारा तुकडा) म्हणजे घोड्याची टाप, एक लांब आणि दोन आखूड फटके. शाळेत शिकलेला भ गण तोच: गुरू, लघू, लघू. डोंगर, सागर, वादळ. शेवटच्या अक्षरातला 'अ' बोलण्यात गळतो, त्यामुळे तिसऱ्या फटक्यावर नुसतं व्यंजन आपटतं, आणि ते स्नेअरसारखं लागतं. उलटी टाप, दोन आखूड एक लांब, म्हणजे स गण: करुणा, सरिता. रिफ भ गणाचा असेल आणि ओळ स गणाची लिहिलीत, तर ती अडखळणारच. त्यात मराठीचा दोष नाही. रिफ आधी तोंडाने 'गा-ल-ल' असा म्हणून बघा, मग शब्द शोधा.

मनाच्या श्लोकांचं वृत्त घ्या, भुजंगप्रयात. चार य गण, लघू-गुरू-गुरू चारदा, ओळीला वीस मात्रा. प्रत्येक मात्रा सोळांश फटक्याची, म्हणजे पाव ठोक्याची, धरली तर ओळ पाच ठोक्यांत बसते आणि चार ओळींचा श्लोक ४/४च्या (चार ठोक्यांच्या) बरोबर पाच मापांत संपतो. रिफ चारच्या चालीत, शब्द पाचच्या, आणि शेवटी दोघं एकत्र येऊन आदळतात. असलं काही जमवायला बाहेरचे बँड महिनोन्‌महिने घालवतात. संथ हवं असेल तर प्रत्येक गणाचं शेवटचं अक्षर एक मात्रा लांबवा: ओळ चोवीसची होते आणि १२/८च्या एका मापात चपखल बसते. मोठ्या अभंगाची रचना सहा, सहा, सहा, चार अक्षरांची. ४/४मध्ये अक्षराला एक अष्टमांश, म्हणजे अर्धा ठोका, दिला तर प्रत्येक चरणाला एक माप, आणि शेवटच्या चरणात अर्धं माप रिकामं उरतं. तिथे ड्रमरला मोकळं सोडा, मग तो मराठीबद्दल तक्रार करायचा नाही.

घशाच्या दृष्टीनेही मराठी सोयीची आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि बहुतेकदा उघड्या स्वरात संपतं: जळतो, आला, उरले. लांब ताणायला हे सोन्यासारखं. ओळीच्या शेवटी म, न, ण आले तर तोंडातली वाट बंद होऊन हवा नाकातून जाते आणि ग्राउल मरतो, तो शब्द मधे घ्या. घ, ध, भ, ख ही अक्षरं हवेचा धक्का घेऊनच येतात, म्हणून ओळीची सुरुवात त्यांवर ठेवा. खोल आवाजात 'ओ' आणि 'ऊ', चिरक्यात 'ए' आणि 'ई' जास्त खुलतात. ही गोष्ट गीत लिहितानाच ठरवा, सरावात नव्हे.

याच संदर्भात दशावतार एकदा गायकाच्या कानाने बघा. राक्षस स्टेजवर येतो तेव्हा आधी पखवाज आणि झांज वातावरण तापवतात, पण त्याचं भाषण सुरू झालं की वाद्यं थांबतात किंवा वाक्यांच्या मधल्या जागा भरतात. त्याची गर्जना मोठी वाटते ती भोवतालच्या शांततेमुळे, आणि असा नट रात्रभर आवाज टिकवतो. तुमच्या गाण्यांत कडवं सुरू झालं की गिटार, बास आणि दोन्ही पायांनी वाजणारा डबल किक एकदम तुटून पडतात का? तसं असेल तर कडव्यात गिटारने तार दाबून फक्त ठोके द्यावेत, डबल किकने गप्प राहावं, आणि पूर्ण भार तुमच्या ओळीच्या शेवटी टाकावा. गाणं हलकं पडेल ही भीती असते. करून बघा, जड होतं.

दमट हवेतल्या सामानाबद्दल थोडक्यात. सराव संपला की तारा कोरड्या फडक्याने पुसा. गिटार बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून पुन्हा वापरा. जॅक आणि व्हॉल्यूमची बटणं करकरली की काँटॅक्ट क्लीनर, तेल नव्हे. माईकची जाळी महिन्यातून एकदा काढून आतल्या स्पंजसकट साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. खाऱ्या हवेने ती गंजते, आणि चौघं तोच माईक वापरत असाल तर सर्दीही त्यातूनच फिरते. पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन गिटारची मान हलते, तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नव्हे तर आठवडाभर आधी सेटिंग करून घ्या. गिटार सी सुरापर्यंत खाली लावत असाल तर ०.०१० इंची तारा लटकतात आणि सूर धरत नाहीत. ०.०१२पासूनचा सेट घ्या.

आठ आठवड्यांची आखणी अशी करा. पहिले दोन आठवडे बँडने गायकाशिवाय वाजवायचं आणि तुम्ही घरी वर लिहिलेले व्यायाम करायचे. या काळात शेडची मांडणी लावून घ्या. तिसऱ्या आठवड्यापासून दोन तासांच्या सरावात तुम्ही शेवटची चाळीस मिनिटंच गा, आधीच्या वेळात नुसते शब्द पुटपुटून जागा पक्क्या करा. बासवाला पुण्याला नोकरीला आहे असं तुम्ही लिहिलं आहे. त्याला प्रत्येक गाण्याची क्लिक (ठोके मोजणारी टिकटिक) लावलेली फाईल पाठवा, वेग आकड्यात लिहून, आणि त्याने त्यावर वाजवलेलं रेकॉर्डिंग दर रविवारी परत मागवा. कोकणातल्या बँडचे निम्मे सदस्य मुंबई-पुण्यात असणं हे इथलं वास्तव आहे. ज्यांनी ते मान्य करून क्लिकची शिस्त लावली ते टिकतात, आणि जे 'गणपतीला भेटू तेव्हा बसवू' म्हणतात त्यांचे गणपतीचे दिवस आरत्या, भजन आणि पाहुण्यांतच जातात. खर्च, प्रवास, मानधन एका वहीत लिहा. शब्द कोणाचे, चाल कोणाची हेही प्रत्येक गाण्यापुढे आत्ताच लिहून ठेवा. कायद्याने हे दोन हक्क वेगळे असतात, आणि भांडणं पैसे आल्यावर होतात.

सहाव्या आठवड्यात गाण्यांचा क्रम ठरवा. तीस मिनिटांत सहा गाणी पुरेत. सर्वांत जास्त स्क्रीम असलेली दोन गाणी लागोपाठ नकोत, त्यांच्यामध्ये एक मिनिटाचा वाद्यांचा तुकडा किंवा साफ आवाजातलं गाणं टाका. सर्वांत अवघड गाणं तिसऱ्या जागेवर: तोपर्यंत घसा तापलेला असतो, थकलेला नसतो. सातव्या आठवड्यात पूर्ण सेट सलग दोनदाच वाजवा, वेगवेगळ्या दिवशी, उभं राहून, आणि मोबाईल माईकपासून दहा पावलांवर ठेवून रेकॉर्ड करा. ते रेकॉर्डिंग चौघांनी एकत्र बसून ऐका. शब्द कळत नसतील तर पुन्हा गिटारकडे जा, घशाकडे नको.

शेवटच्या आठवड्यात ग्राउल फक्त एकदा. आदल्या दिवशी पूर्ण गप्प राहायची गरज नाही, पण लग्न किंवा क्रिकेटची मॅच असेल तर जाऊ नका. कोल्हापुरात पोचल्यावर ध्वनिवाल्याला आधी तीन गोष्टी सांगा: मॉनिटर माईकच्या मागे, त्यात फक्त गायक आणि थोडा किक, आणि माझा चॅनल आधी. साउंडचेकमध्ये पूर्ण जोराने एकच कडवं म्हणा, बाकी खुणेने. स्ट्रॉ आणि पाण्याची बाटली खिशात असू द्या. सेट संपल्यावर लगेच बाहेर जाऊन लोकांशी मोठ्याने बोलत बसू नका, दहा मिनिटं कोपऱ्यात पुन्हा स्ट्रॉवर बुडबुडे काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बारीक 'ऊ'ची चाचणी करा आणि काय झालं ते इथे लिहा. सूज दिसली तर सेटमधल्या कोणत्या गाण्यापासून जोर लागायला लागला तेही लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.